अंतर अठरा फूट ठेवावे

गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने सुटीचा एक बेत आखला. सगळ्यांनी मिळून नाशिककडे जायचे, निफाडजवळच्या खेड्यात आत्याकडे दोन दिवस राहायचे आणि परतताना द्राक्षांच्या बागा व वाइनचे कारखाने पाहायचे. बेत वाचून झाल्यावर तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आपल्या घरातले पहिले वाइन टूरिस्ट म्हणजे आजोबा! चाळीस वर्षांआधी द्राक्षं बघायला गेल्ते, ते पण घरचं पाणी संगं घेऊन." घरभर हशा पिकला. माझा मुलगाही हसला. त्याला तरी हसण्याचा अधिकार नव्हता. त्या सहलीची वही त्याच्याच अक्षरात लिहिलेली होती.

मी हसलो नाही. म्हाताऱ्याला विनोद कळला नाही असे समजून त्यांनी विषय बदलला. विनोद मला कळला होता. त्यातली एक गोष्ट फक्त खरी होती, ती म्हणजे पाणी.

त्या सहलीच्या आमच्या नात्यात अनेक हकिकती चालतात आणि प्रत्येक सांगणारा आपण तिथे हजर होतो अशा थाटात सांगतो. माझ्या मुलाचे म्हणणे असे की, अण्णांनी, म्हणजे मी, जुन्या रूढीपायी त्याच्या थोरल्या बहिणीकडे जाणे लांबवले. माझा मेहुणा हयात होता तोवर लग्नकार्यात पंगतीला बसून सांगत असे की, या माणसाला पोटच्या पोरीपेक्षा मोसंबीची झाडे प्यारी. माझी पत्नी, जी आज नाही, ती मात्र माझी बाजू घेऊन सांगे की, आमचे हे तिथे गेले आणि चारचौघांत व्याह्यांना असे काही बोलले की ते खाली मान घालून बसले. आणि व्याह्यांच्या गावात चौथीच हकीकत चालते. ती अशी की, जे झाले ते मुलीच्या बापाच्या लेखी संमतीने झाले.

या चारही हकिकती चुकीच्या आहेत. जी माझ्या बाजूची आहे ती सर्वांत अधिक चुकीची आहे. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

त्या काळी जालना जिल्हा झालेला नव्हता. आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. बदनापूर स्टेशनपासून दीड कोसावर माझी मोसंबीची बाग होती. मोठा दुष्काळ सरून तीन-चार वर्षे झाली होती. त्या दुष्काळात आजूबाजूच्या बागा जळून गेल्या आणि माझी राहिली. ती नशिबाने राहिली असे मेहुणा म्हणे. नशिबाने नव्हे. झाडाला किती सोसू द्यायचे आणि कधी पाणी द्यायचे हे मला कळत होते, म्हणून राहिली. दूरदूरची माणसे मला विचारायला येत. शेती संशोधन केंद्रातले साहेबसुद्धा सायकल बांधाला टेकवून माझ्याशी बोलत उभे राहत. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ इथे आहे, म्हणून सांगतो.

मोसंबीला बहार हवा असेल तर आधी ताण द्यावा लागतो. पाणी बंद करायचे, बुंध्याभोवतीची माती उकरून मुळ्या उघड्या करायच्या. झाड सुकू लागते, पाने पिवळी पडून गळू लागतात. नवख्या माणसाचे काळीज इथे फाटते आणि तो घाबरून पाणी सोडून बसतो. जाणता माणूस थांबतो. चौथा हिस्सा पाने गळाली की मुळ्या झाकायच्या, हलके पहिले पाणी द्यायचे. त्याला ताण तोडणे म्हणतात. मग सगळे झाड फुलाने पांढरे होते.

माझी थोरली मुलगी हे सगळे शाळेआधी शिकली. मी तिला झाडाखाली बसवून गळालेली पाने मोजायला लावीत असे. दहा-बारा वर्षांची झाली तेव्हा ती नुसती नजर टाकून सांगे, "अण्णा, ह्याचा ताण तोडा. ह्याला आता बस झालं." तिचे सांगणे बरोबर निघत असे.

तिचे लग्नही मोसंबीनेच जमवले. निफाडकडचे एक द्राक्ष बागाईतदार आमच्याकडे मोसंबीची कलमे घ्यायला आले होते. तिने त्यांना कलम निवडून दिले, कोणते का घ्यावे तेही सांगितले. ते कलमे घेऊन गेले आणि महिन्याभराने मुलगी मागायला आले. असे ते आमचे व्याही झाले.

पाच वर्षे गेली. तिला मूल झाले नाही.

आमच्या घराण्यात तेव्हा अशी रीत होती की, मुलीला मूल होईपर्यंत आई-बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही. लग्नानंतर पाच वर्षांत मी एकदाही तिच्या उंबऱ्याशी गेलो नव्हतो. जायचे कशाला, आणि जाऊन काय, तहानेने परत यायचे? दिवाळीला मुलगा जाऊन तिला चार दिवस घेऊन येई, तेवढीच भेट. त्या वर्षी मात्र तिला पाठवले नाही. बागेत छाटणीची गडबड आहे, असा निरोप आला.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील, तिचे कार्ड आले. कार्ड उघडे असते. तिच्या सासरी ते सासऱ्यांच्या हातून डाकेत पडे. इकडे आमचा पोस्टमन ते वाचत वाचतच बांधावरून येई. तिने लिहिले होते: "इकडे बागेला ताण दिला आहे. फार झाला असे वाटते. पाने पिवळी पडली. मुळ्या उघड्या आहेत. ताण कधी तोडायचा ते अण्णांनी येऊन सांगावे. अण्णांशिवाय दुसऱ्याला कळणार नाही."

हे कार्ड मी मोठ्याने वाचले. एकदा घरात, एकदा बागेत आणि बाजाराच्या दिवशी बदनापूरला चहाच्या दुकानात. नाशिकचे बागाईतदार, ज्यांची द्राक्षे मुंबईला जातात, ते बदनापूरच्या माणसाला विचारतात की ताण कधी तोडायचा! मेहुणा तिथे होता. तो म्हणाला, "दाजी, आता तुम्ही तिकडंच ऑफिस खोला. आमची झाडं वाऱ्यावर." सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसाइतका सुखी मी क्वचितच झालो असेन.

उत्तर मी स्वतः लिहिले. "घाई करू नये. चौथा हिस्सा पाने गळू द्यावी. झाड मरत नाही. ताण सोसलेलेच झाड फळास येते. आम्ही लवकरच येत आहोत."

आता सहलीविषयी. माझा मुलगा म्हणतो की रूढीमुळे मी जाणे टाळले. उलट, रूढीला बगल देण्यासाठीच ती सहल आखली गेली. मुलीकडे जायचे नाही. द्राक्षांचा मुलूख पाहायला जायचे आणि वाटेत मुलीचे गाव लागते म्हणून डोकवायचे. यात कोणाला बोट ठेवायला जागा नव्हती. नाताळच्या सुटीत जायचे ठरले, कारण मुलगा तेव्हा कॉलेजात होता आणि त्याला तेव्हाच सुटी. त्याने एक वही केली. बदनापूरहून छोट्या गाडीने मनमाड, तिथे मोठी गाडी, नाशिकला धर्मशाळेत मुक्काम, रोज दोन बागा. तिसऱ्या दिवशी निफाडला उतरून मुलीचे गाव आणि संध्याकाळच्या गाडीने परत. सोबत भाकरी, चटणी, दशम्या आणि फिरकीच्या तांब्यात घरचे पाणी. वहीच्या शेवटी मी त्याला प्रश्न लिहून घ्यायला लावले: वेल किती वर्षांची, मांडव कशाचा, पाणी किती दिवसांनी. मला अडाण्यासारखे तिथे उभे राहायचे नव्हते.

नाताळच्या आधी आठ दिवस मी तो बेत पुढे ढकलला. मेहुणा म्हणे, झाडांसाठी ढकलला. माझ्याही बागेला तेव्हा ताण दिलेला होता हे खरे. पण ते कारण नव्हते. बाजारात एका माणसाने मला सांगितले की, डिसेंबरात द्राक्ष आंबट हिरवे असते, पाहण्यासारखे काही नसते. फाल्गुनात जा, तेव्हा घड साखरेवर येतात. मला ते पटले. इतक्या लांब जायचे ते बाग भरात असताना, चार बागाईतदारांशी बोलायला. हे कारण होते. ते मेहुण्याच्या कारणापेक्षा बरे आहे असे मी म्हणत नाही.

पत्नी म्हणाली, "द्राक्षं पिकोत न्हाई तर सुकोत, मला पोरगी पाह्यची हे."

"दोन महिन्यांत काय पळून चालली का ती?" मी म्हणालो.

त्याच आठवड्यात दुसरे कार्ड आले. ते मला शब्दशः पाठ आहे. "घरात नवीन कलम आणायचे चालले आहे. जुने झाड काढणार नाहीत, शेजारीच लावणार म्हणतात. अण्णांना विचारल्याशिवाय लावायचे नाही असे मामंजींनी सांगितले आहे. तरी अण्णांनी काय ते लिहावे. जमल्यास येऊन जावे."

माझा मुलगा अलीकडे असे सांगतो की आईने ते कार्ड ऐकल्याबरोबर ओळखले, ती रडली, अण्णांच्या पाया पडली. हे धादांत खोटे आहे. ती रडली नाही आणि पायाही पडली नाही. ती भाकरी थापत होती. तिने एकच प्रश्न विचारला. "अहो, द्राक्षाला कलम असतं का? मागच्या अंगणात आपण वेल लावल्ती, ती तर नुसती काडी खुपसून लावल्ती."

"ती रानवेल होती. तिकडं मोठ्या बागा आहेत," मी म्हणालो. "तुला त्यातलं काय कळतं?"

"बरं," ती म्हणाली आणि पुढची भाकरी घेतली.

मी लगेच उत्तर लिहिले. इतक्या तत्परतेने मी कोणाला उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. "नवीन कलम लावण्यास आमची हरकत नाही. जुने झाड मात्र काढू नये. दोहोंत अंतर अठरा फूट ठेवावे, म्हणजे एकाची सावली दुसऱ्यावर पडत नाही. आम्ही फाल्गुनात येऊ." खाली सही केली. सही मी नेहमी पूर्ण करतो.

फाल्गुनात आम्ही दोघेच गेलो. मुलाची परीक्षा होती. नाशिकला धर्मशाळेत उतरलो, वहीप्रमाणे दोन दिवस बागा पाहिल्या. तो मुलूख पाहण्यासारखा होता, यात शंका नाही. डोक्याच्या उंचीवर तारांचे मांडव, त्यावर वेल पसरलेली आणि खाली हिरवट-पिवळे टपोरे घड दाटीने लोंबत असलेले. चालताना वाकावे लागे. पत्नीने एकही द्राक्ष तोंडात घातले नाही. "पोरीच्या हातून खाईन," असे म्हणाली आणि लगेच तिलाच आठवले की तसे चालत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी निफाडला उतरलो. व्याह्यांची बैलगाडी आली होती. घरासमोर चार बांबू उभे होते आणि त्यांना वाळलेली आंब्याची पाने लटकत होती. नव्या वेलीसाठी मांडव घालत असतील, असे मला वाटले. तसे मी पत्नीला बोलूनही दाखवले. तिने त्या पानांकडे पाहिले आणि ती बायकांबरोबर आत गेली. मला घेऊन व्याही बागेत निघाले. वाटेत कोणीतरी त्यांना हाक मारली, म्हणून त्यांनी मला शेजारच्या एका वृद्ध बागाईतदाराच्या हवाली केले.

तो मोठा बोलका माणूस होता. "पाव्हणं, तुमच्याकडं मोसंबीचं पानी बंद करून तिला सुकवत्यात म्हनं? जीव कसा व्हतो वो तुमचा?"

मी त्याला ताणाचे शास्त्र समजावून सांगितले. मग सहज विचारले, "तुमच्या इकडं दिवाळीनंतर वेलीला ताण देतात, तो किती दिवसांचा असतो?"

तो थांबला. मी थट्टा करतो आहे का, हे त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतले. "दिवाळीनंतर? पाव्हणं, छाटनी झाली की वेल फुटती, घड निघत्यात. तवा पानी बंद करील तो बागाईतदार न्हाई, वेडा. असा ताण द्राक्षाला कुठला आलाय?"

"आणि नवीन कलम लावताना जुन्या वेलीपासून..."

"कलम मोसंबीला, पाव्हणं. द्राक्षाची काडी लावायची." तो हसला. "तुमच्या लेकीला इचारा की! ती आता पक्की द्राक्षवाली झालीय."

त्या मांडवाखाली वाकून उभा असताना दोन्ही कार्डे माझ्यासमोर ओळीने उलगडली. बागेला ताण. पाने पिवळी. मुळ्या उघड्या. अण्णांशिवाय दुसऱ्याला कळणार नाही. आणि त्यांखाली माझी उत्तरे.

परत आलो तेव्हा ओट्यावर सतरंजी टाकली होती आणि गावातले आठ-दहा बागाईतदार जमले होते. बदनापूरचे मोसंबीवाले आले आहेत म्हणून ते मुद्दाम आले होते. चहा आला; मी रीतीप्रमाणे नको म्हणालो आणि तांब्यातले पाणी प्यालो. व्याह्यांनी ते पाहिले आणि ते हसून म्हणाले, "आता कशाला ते, व्याहीबुवा? आता या घराला मूल व्हायला वेळ न्हाई. माघात पोराचं दुसरं लगीन उरकलं आम्ही. तुमचं पत्र आलं आन् आम्ही तारीख धरली."

मग सगळ्यांकडे वळून ते म्हणाले, "असा समजूतदार मानूस मी न्हाई पाह्यला. दुसरा असता तर कोर्टकचेरीची भीती घातली असती." कोटाच्या खिशातून त्यांनी कार्ड काढले आणि वाचले. नवीन कलम लावण्यास आमची हरकत नाही. जुने झाड मात्र काढू नये.

"वा," एकजण म्हणाला. "किती सभ्य भाषा!"

"अंतराचं वाचा, अंतराचं," दुसरा म्हणाला. हे कार्ड त्यांनी आधीही ऐकले होते तर.

"अठरा फूट," व्याही म्हणाले. "तुमच्या शब्दाला मान देऊन थोरलीला मागच्या अंगाला वेगळी खोली काढून दिली. कुनाची सावली कुनावर नगं."

"अठरा भरत्यात का पन?"

"मोजून घे, जा!"

सगळे हसले. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता. त्यांच्या लेखी हे एका शहाण्या माणसाने शहाणपणाने सोडवलेले प्रकरण होते. व्याही माझ्याकडे वळले. "तुमीच लिहिलं नव्हं, व्याहीबुवा?"

इथे माझ्या पत्नीची हकीकत सुरू होते. मी गरजलो, व्याह्यांची मान खाली गेली, वगैरे. ती हकीकत तिने रचली नाही. तिला मीच दिली. संध्याकाळी निफाडच्या फलाटावर तिने विचारले, "बाहेर काय बोललात तुम्ही?" मी म्हणालो, "तोडून बोललो." तेवढ्यावर तिने आयुष्यभर घर बांधले. माझ्या मृत्यूनंतरही ते उभे राहील, म्हणून आज पाडतो आहे.

मी गरजलो नाही. मी म्हणालो, "होय. अक्षर माझंच आहे."

त्या क्षणी माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, मी संमती देणारा बाप ठरावे. दुसरी, आठ-दहा बागाईतदारांसमोर सांगावे की, ज्याला तुम्ही बागेतले कळते म्हणून भेटायला आलात, त्याला वेल आणि मोसंबी यांतला फरक कळला नाही, पोरगी स्वतःविषयी लिहीत होती आणि तो तिला पाने मोजायला सांगत होता. मी विचार केला असेही म्हणता येणार नाही. जीभ आपोआप पहिल्या वाटेने गेली. कायदा माझ्या बाजूचा होता, मला तो माहीत होता. एक वाक्य पुरे होते. ते मी बोललो नाही, आणि त्यांनी मला विडा दिला. मी तो घेतला. विडा अन्नपाण्यात मोडत नाही.

लघवीला जाण्याच्या निमित्ताने मी मागच्या अंगाला गेलो. खोली नवीन होती, भिंतीचा गिलावा अजून ओलसर दिसत होता. ती दारात उभी होती. वाळलेली नव्हती, रडलेली नव्हती. अंगावर चांगले लुगडे होते.

"आई भेटली," ती म्हणाली. "आत बसलीय."

"मला कळलं न्हाई गं," मी म्हणालो. "मला वाटलं, तू बागेचंच लिहून राह्यलीस."

तिने माझ्याकडे पाहिले. मी लहानपणी तिला खोटे बोलताना पकडत असे, तेव्हा मी असा पाहत असेन.

"तुम्हाला कळलं न्हाई?"

"न्हाई."

"कार्तिकात वेलीला ताण, आन् तुम्हाला कळलं न्हाई. द्राक्षाला कलम, आन् तुम्हाला कळलं न्हाई." ती हळू बोलत होती, आत कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "सगळ्यांच्या हातून जातंय कार्ड. दुसऱ्या कोणाला कळू न्हाई, तुम्हाला एकट्याला कळावं, म्हणून तसं लिहिल्तं मी. मामंजींनी मात्र बराबर वाचलं."

"तुझ्या आईची शपथ. चल माझ्यासंगं. आत्ता चल, गाडी जुंपलेलीच हे."

"आता कोणत्या तोंडानं येऊ? तुमच्या सहीनं झालंय समदं."

"ती सही त्यासाठी न्हव्हती!"

"मंग आत्ता ते ओट्यावर वाचत हुते, तवा का न्हाई बोललात? मी दाराआडून ऐकून राह्यल्ते."

मी वादात हरणारा माणूस नाही. तलाठ्याशी, मेहुण्याशी, साहेबांशी, भाऊबंदांशी मी आयुष्यभर वाद घातले आणि बहुतेक जिंकले. ती वाट पाहत होती. रागाने नव्हे, मी काहीतरी सांगेन आणि ते तिला मानता येईल, अशा रीतीने ती पाहत होती. बराच वेळ तिने मला दिला.

तेवढ्यात घरातून एक मुलगी बाहेर आली. अठरा-एकोणीस वर्षांची, हिरवा चुडा, नाकात नवी नथ. कोणीतरी तिला पाठवले असणार: थोरलीचे वडील आलेत, पाया पड. तिने डोक्यावरचा पदर सावरला, "अण्णा" म्हणाली आणि वाकून माझ्या पायांवर डोके ठेवले. माझा हात तिच्या डोक्यावर गेला. पाया पडणाऱ्या लेकी-सुनांना जे मी नेहमी म्हणत आलो तेच तोंडातून निघाले.

"पुत्रवती हो."

शब्द निघून गेल्यावर ते माझ्याच कानांना ऐकू आले.

थोरलीने त्या मुलीला खांद्याला धरून उठवले. "झालं तुझं काम," ती तिला म्हणाली. "अण्णांचा शब्द आजवर खाली गेला न्हाई."

हे तिने टोमणा म्हणून म्हटले असते, तर मी उत्तर दिले असते.